कष्ट आणि सराव

"आमचा कामातच व्यायाम होतो की ओ मॅडम." सांगलीत बायकांना वजनं उचलायला शिकवायचं काम सुरू केल्यापासून मी हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकलंय. म्हणणाऱ्या बायका खोटं बोलत नाहीत. पहाटे उठून जनावरांचं शेण-पाणी, वैरणीचे भारे, उसातली भांगलण, घरी आल्यावर धुणं-भांडी, चुलीपुढचं बसणं. हे सगळं करणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू की तुला व्यायामाची गरज आहे?

तरी सांगते. कारण याच बायका पंचावन्नाव्या वर्षी जमिनीवरून उठताना आधी एक गुडघा टेकतात, मग भिंत धरतात आणि मग "आई गं" म्हणत उभ्या राहतात. चाळीस वर्षं शरीराने इतकं केलं, तर ते पोलादी व्हायला हवं होतं. ते झिजलं कसं? मला वाटतं, माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. सकाळी माझ्याकडे कबड्डीच्या मुली येतात, नऊनंतर गल्लीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायका. दोन्हींकडे मला याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

आमच्या भागात उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर घेणारे हमाल आहेत आणि इथून तासाभरावर कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळणारे पैलवान आहेत. दोघंही ओझं पेलतात. मांड्या, पाठ, मान, मनगटं, दोघांचीही कामाला येतात. पैलवान तिशीत भरलेला दिसतो. हमालाची कंबर मात्र पन्नाशी यायच्या आत बोलायला लागते. हमाल कमी ताकदीचा म्हणून असं होत नाही. त्याचं ओझं तो ठरवत नाही, ते गाडीत आलेल्या मालावर ठरतं. आज अंग दुखतंय म्हणून पोतं हलकं होत नाही, काल चांगली झोप झाली म्हणून जड होत नाही. थांबला तर मजुरी बुडते. पोत्याचं वजन ५० किलोंच्या वर नसावं म्हणून बाबा आढावांच्या चळवळीला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. या मागणीचा अर्थ मला मी स्वतः बार उचलायला लागल्यावर पुरता कळला. माणसाच्या पाठीला मर्यादा आहे, हे मान्य करून घेण्यासाठीही इथे लढा द्यावा लागतो.

तालमीतलं सगळंच वेगळं. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मला महाराजांच्या मैदानाइतकंच कौतुक तालमीच्या वेळापत्रकाचं वाटतं. पहाटे जोर आणि बैठका. मग हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, खणायचा. फावड्याने माती खालीवर करणं हे काम दिसायला मजुरीचं, पण पाठ, नितंब आणि मांड्यांच्या मागच्या स्नायूंना जोर-बैठकांत जे मिळत नाही ते या खणण्यातून मिळतं. जोर म्हणजे ढकलणं. नुसतं ढकलत राहिलं तर खांदे पुढे येतात. त्याला उतारा म्हणून दोर चढणं आहे, मल्लखांब आहे आणि कुस्तीतली ओढाओढ तर आहेच. करेला, म्हणजे जड लाकडी मुद्गल, फिरवून खांद्याचा सांधा चहूबाजूंनी मोकळा होतो. कुणी पुस्तक उघडून हे बसवलेलं नाही, पण आजचा कुठलाही जाणता प्रशिक्षक कागदावर ढकलणं, ओढणं, कमरेतून वाकणं, उठणं-बसणं असे रकाने आखतो, त्यातले बहुतेक रकाने तालमीत आधीच भरलेले आहेत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विश्रांती. मेहनत झाली की अंग रगडून घ्यायचं, खुराक घ्यायचा, दुपारी झोपायचं. वस्ताद पोराला दुपारी भटकू देत नाही. स्नायू मेहनतीच्या वेळी वाढत नसतो. तो त्या वेळी थकतो, त्याच्या धाग्यांवर ताण येतो. वाढ होते ती नंतर, खाऊन झोपल्यावर. विश्रांती काढून घेतली की उरतात फक्त कष्ट. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट मी मुलींना याच संदर्भात सांगते. १९४८ साली लंडनला सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती, ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. एवढ्या ताकदीच्या माणसाला तो अर्धा तास किती मोलाचा होता, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

ओझं आपण ठरवायचं, ते हळूहळू वाढवायचं आणि मध्ये शरीराला भरून यायला वेळ द्यायचा. कष्ट आणि सराव यांत फरक आहे तो एवढाच. आज प्रत्येक जिममध्ये "तीन सेट, दहा-दहा" म्हणतात (दहा वेळा उचलायचं, थांबायचं, असं तीनदा), त्याच्या मुळाशी थॉमस डेलॉर्म नावाचा अमेरिकन लष्करी डॉक्टर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी इस्पितळात गुडघे दुखावलेले सैनिक भरले होते. तेव्हाची रीत अशी की हलकं वजन द्यायचं आणि ते असंख्य वेळा हलवायला लावायचं. स्वतः लहानपणी आजारातून उठून वजनं उचललेल्या डेलॉर्मने उलटं केलं. जेमतेम दहा वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं आणि ताकद वाढेल तसं ते वाढवत न्यायचं. सैनिक लवकर बरे होऊ लागले. १९४५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि पुढे १९४८ च्या सुमारास ते सुटसुटीत केलं: पहिला सेट ठरलेल्या वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईचा पहिला महिना जवळपास याच हिशेबाने जातो.

आता घरातलं काम या कसोटीवर लावून बघा. हंडा वीस वर्षांपूर्वी जेवढा होता तेवढाच आहे. भारा बांधायचा तो न्यायचा आहे तेवढा. शरीर एका पातळीपर्यंत तयार होतं आणि तिथेच थांबतं. वय वाढतं तशी ताकद कमी होत जाते, हंडा मात्र तेवढाच राहतो. एक दिवस तो हंडाच जड होतो. बाई म्हणते, "आता वय झालं."

माझ्याकडे येणाऱ्या बाईच्या हातात मी पहिल्या दिवशी वजन देत नाही, काठी देते. साधी बांबूची काठी. ती पाठीवर उभी धरायची, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडापाशी. मग भिंतीपासून वीतभर पुढे उभं राहायचं आणि कंबर मागे नेत भिंतीला टेकवायची. गुडघे किंचित सैल. काठी तिन्ही जागांवरून हलता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येकीची काठी माकडहाडापासून सुटते, कारण आयुष्यभर वाकायचं म्हणजे पाठ गोल करायची एवढंच शरीराला माहीत असतं. केरसुणी, खुरपं, धुण्याचा दगड, सगळीकडे तेच. पाठ गोल होणं म्हणजे पाप नाही, कणा वाकण्यासाठीच आहे. पण शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू नितंबांचे, आणि तेच जर कामावर येत नसतील तर त्यांच्या वाटचं सगळं ओझं कंबर एकटीने का सोसायचं?

तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधीतरी ते जमतं. मांडीच्या मागे ताण येतो आणि बाई दचकून म्हणते, "अगं बाई, हितं बी काय हाय व्हय!" तो स्नायू सापडला की पुढचं सगळं सोपं. आठवडाभराने काठीऐवजी हातात डंबेल येतं, मग १५ किलोचा बार. बायकांचा बार पुरुषांच्या २० किलोच्या बारपेक्षा हलका असतो आणि २८ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे मूठ नीट बसते. ही माहिती मी मुद्दाम सांगते. आपल्या हाताच्या मापाचं कुणीतरी काही बनवलंय, हे ऐकून बायकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला फार आवडतं.

"या वयात हाडं मोडतील," असं घरचे म्हणतात. काळजीपोटीच म्हणतात, म्हणून मी त्यांना दोन अभ्यास सविस्तर सांगते. एक १९९० चा, बॉस्टनचा. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या संस्थेत राहणारे, सरासरी ९० वर्षांचे दहा जण निवडले आणि त्यांच्याकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांची चालताना लागणारी काठी सुटली. वयाच्या नव्वदीत! दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका. त्यांतल्या निम्म्यांनी प्रशिक्षकाच्या नजरेखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून उभं राहणं), स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठका), डोक्यावर बार ढकलणं आणि उडी मारून उतरणं असा खरोखरचा जड व्यायाम केला. बाकीच्यांनी घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली होती. हाडाला ओझं लागतं. ते पेलण्याची वेळ येणार आहे असं हाडाला कळलं तरच ते दाट होतं. नुसत्या चालण्याने ते काम होत नाही, हे मला फार जणींना फार वेळा समजावून सांगावं लागतं. चाला, जरूर चाला, हृदयासाठी ते उत्तमच. पण जागतिक आरोग्य संघटनाही चालण्या-पळण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते, ते उगाच नव्हे.

कबड्डीच्या मुलींचं दुखणं थोडं वेगळं आहे. त्यांना व्यायामाचं महत्त्व पटवायला लागत नाही, त्यांना अतिकष्टापासून वाचवावं लागतं. आपल्याकडे मैदानावर तंदुरुस्ती म्हणजे राऊंड. उशीर झाला, दहा राऊंड. सामना हरलो, वीस राऊंड. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची. त्यात दबा धरून सरकणं, एकदम झेप, अंग वळवणं, दोघी-तिघींना ओढत मध्यरेषेकडे जाणं आणि हे सगळं श्वास सांभाळत "कबड्डी, कबड्डी" म्हणत. मग थोडी उसंत, मग पुन्हा तेच. या खेळाला लागणारा दम संथ राऊंडांतून येत नाही. तो येतो छोट्या, जोरकस धावांतून आणि मध्ये मोजून दिलेल्या विश्रांतीतून. दोरीने बांधलेलं टायर दहा-पंधरा मीटर ओढणं, थांबणं, परत ओढणं. जोडीदारणीला कमरेत धरून जागचं हलू न देणं. मी राऊंड बंद केले तेव्हा काही पालकांना वाटलं, मॅडम पोरींना आराम देतात.

शरीराच्या तयारीने खेळ कुठे जातो हे बघायचं तर २०१८ ची जाकार्ता आशियाई स्पर्धा आठवा. महिला कबड्डी एशियाडमध्ये आल्यापासून २०१० आणि २०१४ अशी दोन्ही सुवर्णपदकं आपली. २०१८ च्या अंतिम सामन्यात इराणने आपल्याला २७–२४ असं हरवलं. इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी त्या मुलींच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला, शिकवण्यासाठी त्यांची भाषा शिकून घेतली. आपण हरलो याचं दुःख झालं, पण एका मराठी बाईने परक्या देशात जाऊन इतकं घडवलं याचा आनंद मला त्याहून मोठा वाटतो. आपल्या गावागावांतल्या मुलींना असं कुणी लाभावं.

मुलींच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळ देते तो उडीवरून उतरण्याला. बाकावरून खाली उडी मारून उतरायचं, दोन्ही पायांवर, आवाज न करता. पाय टेकताना गुडघे आत वळले की मी थांबवते. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त वेळा फाटतं, आणि पुष्कळदा कुणी न धरता, नुसतं वळताना किंवा उतरताना फाटतं. नितंब आणि मांडीच्या मागचे स्नायू तयार असले, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायची सवय लागली, तर हा धोका बराच कमी होतो. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक साधा व्यायाम आहे: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारणीने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून जितकं सावकाश येईल तितकं पुढे झुकत जायचं. खर्च शून्य. हा नियमित केल्याने त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. तरी कित्येक शिबिरांत तो करून घेत नाहीत.

माझ्याकडच्या एका मुलीचं एसीएल एका निमंत्रित स्पर्धेत गेलं. शस्त्रक्रिया झाली. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतलं तर तोच गुडघा पुन्हा जाण्याचा धोका खूप वाढतो, हे आता पक्कं माहीत झालेलं आहे. तिच्या संघाला मात्र पाचव्या महिन्यात ती चढाईला हवी होती. "चालतीये की चांगली, टेप बांधू," असं म्हणाले. मी तिच्या वडिलांना जिममध्ये बोलावलं. तिला एका पायावर बाकावरून उठायला सांगितलं, आधी चांगल्या पायावर, मग दुसऱ्या. चांगल्या पायावर ती सहज उठली. दुसऱ्या पायावर निम्म्यात थरथरली आणि बसली. वडील ऊसतोडणीच्या टोळीत काम केलेले, कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "वासराला कुणी नांगराला जुंपत न्हाई." ती त्या हंगामात खेळली नाही.

खाण्याबद्दल बोलताना मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. तालमीतल्या पोराला म्हशीचं दूध, बदामाची थंडाई, तूप, मटण यासाठी घर कर्ज काढतं. कबड्डीत जिल्ह्याला खेळणाऱ्या त्याच घरातल्या मुलीच्या डब्यात भाकरी आणि लाल चटणी. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. खेळाडूला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड ग्रॅम धरा, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. दोन अंडी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, मूठभर शेंगदाणे, दोन वेळा दूध किंवा दही आणि जेवणातली आमटी घट्ट. महागड्या डब्यातली पावडर लागत नाही, पण वाढताना हात आखडता घेऊन चालत नाही. सराव वाढला आणि खाणं वाढलं नाही की काही मुलींची पाळी चुकायला लागते, मग बंद होते. "बरं झालं, स्पर्धेत त्रास नको," असं म्हणणाऱ्या प्रशिक्षकांना मी भेटलेय. पाळी बंद होणं ही शरीराने दिलेली सूचना असते की घरात शिधा संपलाय. त्याच वेळी हाडंही पातळ होत असतात, आणि हाडं भरायची वर्षं पुन्हा येत नाहीत. पाळीची तारीख वहीत लिहायला मी प्रत्येक मुलीला सांगते, वजन आणि सेटच्या शेजारच्या रकान्यात. सुरुवातीला लाजतात, मग स्वतःहून दाखवतात.

संध्याकाळी शेजारच्या जिममध्ये तरुण मुलं असतात, त्यांच्याविषयी थोडंच. रोज छाती आणि दंड, पाय कधीतरी, आणि दर सोमवारी गेल्या सोमवारपेक्षा जास्त वजन उचलून दाखवायची घाई. आमच्याच सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण २४९ ला गेलं. क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ पेलल्यावर १३९ चा प्रयत्न करताना त्याचा कोपर दुखावला, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. ते धाडस स्पर्धेच्या मंचावरचं होतं, देशाच्या पदकासाठी होतं, आणि त्यामागे कित्येक वर्षांचा मोजून-मापून केलेला सराव होता. तसं धाडस सोमवारी संध्याकाळी कुणाला दाखवायला करू नये. सरावात अजून दोनदा उचलता येईल एवढी ताकद अंगात शिल्लक ठेवूनच बार खाली ठेवावा. दर चार-पाच आठवड्यांनी एक आठवडा वजन मुद्दाम उतरवावं. स्नायू लवकर तयार होतो, स्नायूबंध आणि सांधे मागून येतात, त्यांना गाठायला वेळ द्यावा लागतो. मुलं ऐकून घेतात. काही जण मानतातही.

या सगळ्याला लागतं काय? आमच्या जिल्ह्यात अनेक गावांत सरकारी अनुदानातून बांधलेल्या व्यायामशाळा आहेत. त्यांतल्या कित्येकींत डबल बार आहे, डंबेल्स आहेत, आरसा आहे. बायकांसाठी वेळ नाही. मी जाईन त्या गावात सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि मंडळाच्या पोरांना एकच मागणी करते: आठवड्यातले तीन दिवस सकाळी नऊ ते अकरा व्यायामशाळा फक्त बायकांना आणि मुलींना द्या. घरातलं आवरून, डबे भरून बाई मोकळी होते ती याच वेळेला. १५ किलोचा एक बार आणा, अडीच आणि पाच किलोच्या प्लेटांच्या जोड्या आणा, एक मजबूत बाकडं आणा. काठ्या गावात आहेतच. खिडक्यांना पडदे लावा, कपडे बदलायला आडोसा करा आणि स्वच्छतागृहाला आतून कडी बसवा. शिकवायला सुरुवातीचे महिने मी येते, पुढे गावातलीच एखादी कबड्डी खेळलेली मुलगी तयार करू, तिला त्याचं मानधन द्या. दोन गावांनी होकार दिलाय. एका गावात बार पोचलाही, पण कुलपाची किल्ली अजून मंडळाच्या अध्यक्षांकडे असते, ती अंगणवाडीताईंकडे ठेवायची एवढं बोलणं बाकी आहे. या गुरुवारी ग्रामसभा आहे, तिथे ते बोलणार आहे.